पाच रावस, पाच वाटे

दिवाळी अंकासाठी शाळेच्या आठवणी लिहून द्या, जरा हलक्याफुलक्या असू देत, असं संपादकांनी कळवलं. मी त्यांना उलट कळवलं की हलकंफुलकं हवं असेल तर आमच्या शाळेच्या शिपायाला सांगा, तो फार मजेशीर बोलायचा. मी जन्मभर चौथीला गणित शिकवलं आणि चौथीच्या गणितात हसण्यासारखं फारसं नसतं. त्यावर ते म्हणाले, मग गणिताबद्दलच लिहा. म्हणून बसले आहे लिहायला. माझी बदली कुठे कुठे झाली, कोणते हेडमास्तर चांगले होते आणि कोणते चहाडखोर, हे काही मी सांगणार नाही. त्यातले बरेच जण वारले आणि उरलेले दिवाळी अंक वाचतात.

सांगणार आहे ते एकाच उदाहरणाबद्दल. कुठल्याही संख्येला त्याच संख्येने भागलं तर काय येतं? एक. पाचाला पाचाने भागा, एक. हजाराला हजाराने भागा, तरी एकच. यात शिकवण्यासारखं काय आहे, असं वाचणाऱ्याला वाटेल. तर शिकवण्यासारखं एवढंच की दर वर्षी निम्म्या वर्गाचं हे उदाहरण चुकायचं, आणि चुकणाऱ्या सगळ्यांचं उत्तर एकच असायचं. शून्य.

ते का चुकतं, हे कळायला मला नोकरीची पहिली काही वर्षं लागली. भागाकार म्हणजे वाटणी, हे आम्ही चिंचोक्यांनी शिकवायचो. बारा चिंचोके, चार मुलं, एकेकाच्या हातावर एकेक ठेवत जायचं. फेरी संपली की दुसरी फेरी. हात थांबला की प्रत्येकाला किती मिळाले ते मोजायचं, तो भागाकार. ओंजळीत जे उरले, ज्यांची पुरी फेरी होत नाही, ती बाकी. इथवर सगळ्यांना समजतं. मग मांडणी येते. वर भागाकार लिहायचा, खाली वजाबाकी करत उतरायचं आणि तळाला बाकी. आठाला आठाने भागताना वर एक येतो आणि खाली आठातून आठ जाऊन शून्य. पोरं वरचा एक लिहून विसरून जातात. शेवटी हाताखाली जे आलं तेच उत्तर, असं त्यांना वाटतं. माणसांचंही बऱ्याचदा असंच असतं, पण तो विषय माझा नव्हे.

एकदा एका मुलाचे वडील भांडायला आले. बोरिवलीत नवीनच घर बांधून राहायला आलेले, फोर्टातल्या कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क, हातात छत्री. मुलाचं आठ भागिले आठ मी चूक दिलं होतं.

"बाई, आठातून आठ गेले की काय उरतं?"

"शून्य."

"मग पोराचं चुकलं कुठे?"

मी म्हटलं, "तुमच्याकडे आठ पेढे आहेत आणि आठ पाहुणे आले. प्रत्येकाला काय मिळालं?"

"एकेक पेढा. पण मला काय राहिलं?"

"तुम्हाला नाही राहिलं. पाहुण्यांना तर मिळाला?"

"अहो पण पेढे माझे होते ना!" असं म्हणून ते रागारागाने उठून गेले.

मी तेव्हा खूप हसले. घरी आल्यावर मात्र विचार करत बसले. त्या गृहस्थांचं चुकलं होतं, पण त्यांनी मला एक गोष्ट दाखवून दिली. शून्य म्हणणारा वाढणाऱ्याच्या बाजूने बघतो, त्याचं भांडं रिकामं झालेलं असतं. एक म्हणणारा पानावर बसलेल्याच्या बाजूने बघतो. पुढे मी वर्गात हेच सांगायला लागले. तुम्ही पानावर बसला आहात असं समजा, रे, म्हणजे उत्तर चुकणार नाही. पुष्कळ मुलांचं त्याने सुधारलं. मीही स्वतःवर खूश होते.

शून्याला शून्याने भागलं तर काय, यावर आमच्या हेडमास्तरांचा आणि माझा वाद व्हायचा. ते म्हणायचे, नियम म्हणजे नियम, एकच येणार. मी म्हणायची, स्वयंपाक नाही, जेवायला कोणी नाही, आणि तुम्ही विचारताय की प्रत्येकाच्या पानात किती वाढलं. हा काय प्रश्न झाला? ते म्हणायचे, बाई, तुम्ही गणितात फार स्वयंपाक आणता. ते खरं होतं.

आता ज्या मुलीसाठी हे सगळं लिहिते आहे तिच्याकडे येते.

मला तेव्हा नोकरी लागून तीन-चार वर्षंच झाली होती. बोरिवली अजून मुंबईत धरली जात नव्हती, शाळा लोकलबोर्डाची होती. कौलारू, दोन खोल्यांची, खाडीच्या बाजूला. शाळेच्या मागे मिठागरं आणि खाजण, आणि बांधावरून चालत गेलं की कोळीवाडा. वर्गात गावठाणातली मुलं, नव्याने आलेल्या कारकुनांची मुलं आणि कोळ्यांची मुलं, सगळी एकाच तरटावर. माझं लग्न होऊन थोड्याच दिवसांत नवरा विषमज्वराने गेला होता. भावाने मला आपल्या घरी आणलं, ट्रेनिंगला घातलं, ही नोकरी मिळवून दिली. त्याचे उपकार मी कधी विसरले नाही. वहिनीनेही मला कधी उणं बोलून दाखवलं नाही. पण त्या घरात सगळ्यांची पानं झाल्यावर जे राहील ते माझं, हे कोणी न सांगता ठरलेलं होतं, आणि ते ठरवण्यात मीही होते.

हिरू चौथीत होती. नाव हिरा, पण कोळीवाड्यात हिरू. काटक, सावळी, तेल चोपडून घट्ट वेणी घातलेली. तोंडी गणिताला वर्गात सगळ्यांच्या आधी तिचं उत्तर यायचं आणि ते हमखास चूक असायचं. मी विचारायची, "सतरा भागिले पाच?" आणि बाकीची पोरं अजून बोटं मोजत असताना ती ओरडायची, "दोन, बाई!"

"तेवीस भागिले चार?"

"तीन!"

"नऊ भागिले पाच?"

"चार!" आणि हे सांगताना तिचं तोंड नुसतं फुलून यायचं, नऊ भागिले पाच हे जणू तिच्या आवडीचं पक्वान्न होतं.

मला पहिल्यांदा वाटलं, पोरगी मनाला येईल ते ठोकून देते. एकदोनदा मी तिला उभी करून ठेवली. मग एके दिवशी फळ्यावर उदाहरण सोडवताना लक्षात आलं की तिची उत्तरं मनाची नव्हती. ती प्रत्येक वेळी बाकी सांगत होती. अचूक बाकी, एकही न चुकता. आणि पाच भागिले पाच विचारलं की ती हळू आवाजात "शून्य" म्हणायची आणि खाली बसायची.

बाकी काढता येते तिला भागाकार येतोच, हे उघड आहे. तो तिच्या डोक्यात होत होता, फक्त ती तो सांगत नव्हती. मी विचारलं, "अगं, उत्तर म्हणजे एकाला किती मिळाले ते. तू उरलेले का सांगतेस?"

ती म्हणाली, "आमचे तेवढेच असतान, बाई."

तिच्या वाड्यातल्या पोरींनी मग मला बाकीचं सांगितलं. हिरूचा बाप धर्मा नावाच्या तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, हाताखाली खलाशी होता. आदल्या वर्षी वादळात तो गेला, अंगही सापडलं नाही. आई काशी आणि ही एकुलती एक. चौथीची परीक्षा घ्यायला बोर्डाचे साहेब चैत्रात यायचे आणि स्वतः एकेकाला उभं करून प्रश्न विचारायचे. त्यात पास होईल त्याला बोरिवली स्टेशनाजवळच्या मोठ्या शाळेत पाचवीत घेत. काशीने शाळेत येऊन मला एकदाच सांगितलं होतं, "बाई, पास झाली तर शिकू दे. नापास झाली तर मी टोपली देते तिच्या डोक्यावर. माज्याच्यानं एकटीच्यानं नाय व्हत." बोलली त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. भाव सांगावा तसं सांगून ती गेली.

तेव्हा मला त्या मुलीला एवढंच शिकवायचं होतं की उत्तर वर असतं, खाली नाही. आणि ते मला जमत नव्हतं.

एका रविवारी सकाळी भरतीच्या सुमाराला मी बांधावरून कोळीवाड्यात गेले. ब्राह्मणाच्या घरातली विधवा बाई मासळीच्या वाटणीला उभी, म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी वासाने नाकाला पदर लावला होता, त्यामुळे आम्ही सगळ्या सारख्याच दिसत असणार. हिरू टोपली घेऊन आधीच वाळूत उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा होडीकडे पाहायला लागली.

वाटणीची रीत मला तिथे कळली. त्या होडीवर चार माणसं, तांडेल धरून. त्यांचे चार वाटे आणि पाचवा होडीचा. वाळूवर पाच जागा आखायच्या आणि तांडेलाने फेरीने मासळी टाकत जायची. बारीक मासळी टोपलीने, रावस आणि घोळ नगाने. मासा कापून वाटायचा नाही. शेवटी ज्याची पुरी फेरी होत नाही ते बाजूला ठेवायचं, ते बुडालेल्याच्या घरचं. ही दुसऱ्या होड्यांची रीत होती की नाही मला ठाऊक नाही. धर्मा तांडेलाच्या होडीची होती, त्याच्या पणज्यापासूनची.

म्हणजे नऊ रावस आले की होडीवरच्या प्रत्येकाला एक आणि काशीच्या घरी चार. हिरू नऊला का खुलायची, हे मला तिथे उभ्याउभ्या समजलं. जे माझ्या वर्गात उदाहरण होतं ते तिच्या घरी रात्रीचं कालवण आणि आईच्या टोपलीतला माल होता.

मी तांडेलाला विचारलं, "आणि चारच आले तर?"

"तर चारी तिचे," तो म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"आमी काय, भाकर खातो." तो हसला. उंच, वाकलेला, पन्नाशीला टेकलेला माणूस, बोटांना जाळ्याचे काप.

त्या दिवशी दर्याने काही दिलंच नव्हतं. बारीक मासळी नाही, नुसते काही रावस. तांडेल एकेक काढून वाळूवर टाकायला लागला. एक. दोन. तीन. चार. चौथा पडला तसं हिरूच्या तोंडावर हसू आलं. होडीचा तळ रिकामा दिसत होता. तिने टोपली पुढे केली. मग दुसऱ्या खलाशाने जाळ्याच्या गुंडाळीत हात घातला आणि पाचवा रावस काढला.

पाच ढीग, प्रत्येकात एक मासा. इतकी सारखी वाटणी मी आयुष्यात पाहिली नाही. तांडेलाने बाजूच्या रिकाम्या वाळूकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. हिरूने टोपली उपडी करून डोक्यावर टोपीसारखी घातली आणि घराकडे चालायला लागली. रडली वगैरे नाही. मलाच रडू आलं.

मी तिच्या मागून गेले. मला वाटलं, हीच वेळ आहे, आत्ताच समजावून सांगावं. मास्तरकीचा हा रोग असतो, समोर काहीही झालं तरी त्याचा धडा करावासा वाटतो.

"हिरू, आता बघ. पाच रावस, पाच वाटे. एकाला किती मिळाला?"

"कुना एकाला?"

"ज्याचा ढीग आहे त्याला."

"आमचा ढीग नाय."

"परीक्षेपुरतं समज, की तुझा एक ढीग आहे."

ती थांबली. टोपलीखालून माझ्याकडे वर पाहत म्हणाली, "समजून काय व्हतंय, बाई? आये टोपली बघते ना."

माझी सगळी पानावर बसण्याची युक्ती तिथे वाळूत राहिली. ती वाढणारी नव्हती आणि पानावर बसलेलीही नव्हती. तिच्या जागेवरून जे दिसत होतं तेच ती सांगत होती, आणि तिथून शून्यच दिसत होतं. तशीच मी परत तांडेलाकडे गेले. तो जाळं झटकत होता.

मी म्हटलं, "तांडेल, सहावा वाटा करा. काशीच्या घरचा. उरलंसुरलं नको, हक्काचा वाटा द्या."

त्याला राग आला नाही. म्हणाला, "बाय, ज्याचं आंग भिजतं त्याचा वाटा. ही रीत माज्या आज्यानं मोडली नाय, मी कशी मोडू? आज हिला दिला, उद्या त्या म्हातारीला द्याया लागंल, परवा पांगल्याला. मग दर्यान जानार कोन?"

"आणि ते उरलेलं? ते देता ती दयाच ना?"

आता मात्र तो चिडला. "दया कसली? ते आमचं नायच. ते त्याचं हाय, जो गेला त्याचं. आमी त्याला हात नाय लावत."

त्याचं बरोबर होतं आणि मुलगी उपाशी होती. अशा दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्या की माझं डोकं चालत नाही, तेव्हाही चालायचं नाही.

पुढे थंडी सरेपर्यंत मी तिला शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायची. चिंचोके, खडे, बांगड्यांचे तुकडे, सगळं करून पाहिलं. रागावले, लाडीगोडी लावली. पेरू दिला. उत्तर घोकून घेतलं, तर दुसऱ्या दिवशी आकडा बदलला की पुन्हा बाकी. एकदा मी हात टेकून म्हटलं, "अगं, खोटं म्हणून तरी सांग ना, एक!" ती म्हणाली, "खोटं कशाला बोलू, बाई?" खोटं बोलू नये असं मीच फळ्याच्या वर सुविचार म्हणून लिहिलेलं होतं. हेडमास्तर म्हणाले, एका पोरीसाठी एवढा जीव आटवू नका, दरसाल चारदोन जातातच. ते वाईट नव्हते. त्यांनी तीस वर्षं चारदोन जाताना पाहिले होते.

शिमगा झाला. कोळीवाड्याचा शिमगा म्हणजे आठवडाभर वर्गात कोणी यायचं नाही. नंतर मुलं आली, हिरूही आली. नवीन परकर होता अंगावर. मी काही विचारलं नाही, परीक्षा तोंडावर आली होती.

बोर्डाचे साहेब आले. काळा कोट, घामाने डबडबलेले, शिपायाने पंखा हलवायचा. त्यांनी मुलांना एकेक करून उभं केलं. हिरूची पाळी आली तेव्हा मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. कविता तिने चांगली म्हटली. नद्या सांगितल्या. मग साहेबांनी सहज, जांभई देत विचारलं, "वीस भागिले वीस?"

हिरू म्हणाली, "एक."

"शंभर भागिले शंभर?"

"एक."

"एकवीस भागिले चार?"

"पाच. बाकी एक."

साहेबांनी मान हलवून तिला बसायला सांगितलं. इतका आनंद मला स्वतःच्या पास होण्याचाही झाला नव्हता. साहेब चहाला गेले तशी मी तिला व्हरांड्यात ओढत नेलं आणि म्हटलं, "अगं, कळलं तुला! कसं कळलं?"

"बाई, आता आमचा ढीग हाय ना," ती म्हणाली.

मला काही उमजेना. मग तिने सांगितलं. शिमग्यानंतर काशीने धर्मा तांडेलाशी पाट लावला होता, म्हणजे दुसरं लग्न केलं होतं. त्याची बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली होती, घरात दोन लहान पोरं आणि डोळे गेलेली आई. तांडेलाने रीत मोडली नाही. त्याने काशीला आणि हिरूला आपल्या वाट्यात घेतलं. रीत न मोडता त्याला तेवढंच करता येत होतं.

मी ज्या घरात जन्मले आणि ज्या घरात दिली गेले, तिथे पाट नव्हता. विधवेने कोणाच्या वाट्यात जायचं नसतं, उरलेल्यातच राहायचं असतं. काशीचा मला त्या क्षणी हेवा वाटला, हे इतक्या वर्षांनी लिहायला हरकत नाही. नंतर आमच्या शाळेतल्या दुसऱ्या बाई म्हणाल्या, तुम्ही तांडेलाशी बोललात म्हणून हे झालं. मी त्याचं श्रेय घेत नाही आणि दोषही घेत नाही. त्या दोघांनी आपलं आपण पाहिलं.

मी हिरूला विचारलं, "मग आता उरलेली मासळी कोणाची?"

"कुनाची नाय. तांडेलबाबा दर्यान परत टाकतान."

निकाल लागला. हिरू वर्गात दुसरी आली. मी पेढे वाटले, भावाच्या घरून विचारून आणलेले. बोरिवलीच्या शाळेतल्या बाईंना मी आधीच सांगून ठेवलं की एक मुलगी पाठवते आहे, हिशोबाला तिच्यासारखी तुमच्या वर्गात नसेल. त्या उन्हाळ्यात मी मनात काय काय रचलं ते आता सांगायला लाज वाटते. सातवीच्या फायनलपर्यंत नेलं होतं तिला, पुढे ट्रेनिंगलाही घातलं होतं.

शाळा उघडली, पाचवीचे वर्ग सुरू झाले. बोरिवलीच्या बाईंचा निरोप आला, तुमची मुलगी आली नाही. मला वाटलं, मायलेकी विसरल्या असतील. चिखल तुडवत मी बांधावरून गेले. होड्या वर ओढून शाकारलेल्या होत्या. तांडेलाच्या अंगणात म्हातारी खाटेवर बसून हवेकडे तोंड करून काही पुटपुटत होती. हिरू ओट्यावर होती. कडेवर शेंबडा मुलगा, परकराला धरून उभी असलेली पाचेक वर्षांची मुलगी, आणि चुलीवर काहीतरी उतू चाललेलं. ती आधी चुलीकडे धावली, मग माझ्याकडे आली.

"आई कुठे आहे?"

"आये बाजारान गेलीय. सुकी मासली इकाया."

"रोज जाते?"

"रोज. वाटा आला तर इकाया लागतो ना, बाई. सकालची जाते ती दिवे लागताना येते."

पूर्वी काशीच्या टोपलीत रोज माल नसायचा, म्हणून ती बरेच दिवस घरी असायची आणि हिरू शाळेत. आता माल होता. हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. मी म्हातारीकडे पाहिलं, त्या पोरांकडे पाहिलं. मला फार राग आला आणि तो कोणावर काढावा ते कळेना. तांडेल भला, काशी भली, पोरांना कोणीतरी सांभाळायलाच हवं. हिरूच्या अंगावर मांस धरलं होतं, गाल वर आले होते. पोटभर जेवत होती हे दिसत होतं.

मी तरी म्हटलं, "पाचवीत तुझं नाव घालायचं आहे. मी तांडेलाशी बोलते."

"नको, बाई. ते कुठं नाय म्हनतान? तेच बोलले आयेला, पोरीला शालेन धाड. पन मग हे कोन बघंल?" तिने कडेवरचा मुलगा या बाजूचा त्या बाजूला घेतला, सवयीने, बघायचीही गरज न लागता.

तिला वाटलं असावं की मला वाईट वाटतंय आणि माझी समजूत काढायला हवी. तिने परकराला धरलेल्या त्या मुलीला पुढे ओढलं, तिचं नाक आईने पदराने पुसावं तसं परकराच्या टोकाने पुसलं, आणि घरच्या कर्त्या बाईने बोलावं तशी म्हणाली, "बाई, पुढल्या वर्षाला हिला धाडते तुमच्याकडं. हुशार हाय. नाव लिहून ठेवा तिचं."

मी बरं म्हटलं, आणि त्या धाकटीचं नाव विचारून घेतलं.